भिंतीकडे तोंड केलेल्या खुर्च्या

सिस्टर मॅटिल्डांना सल्ला देता येत नाही, याबद्दल आमच्या गल्लीत एकमत होतं. आमच्या जिल्ह्यात हा दोष गंभीर समजतात. इथे पानठेल्यावर उभा असलेला माणूस कपाशीच्या बियाण्यापासून हृदयाच्या ऑपरेशनपर्यंत कशावरही सल्ला देतो, आणि तोही न विचारता. अशा गावात एक संन्यासिनी, जिचं कामच लोकांना वाट दाखवण्याचं असं सांगतात, ती विचारलं तरी गप्प बसते, हे लोकांना पटत नसे.

नांदुऱ्यात स्टेशनच्या पलीकडे, कापसाच्या एका जुन्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीला लागून, त्यांच्या संन्यासिनींच्या संघाचं घर होतं. पुढे छोटा दवाखाना, मागे कॉलेजला जाणाऱ्या मुलींचं वसतिगृह आणि मध्ये प्रार्थनेची खोली. मी समोर राहतो. कॉलेजात इतिहास शिकवायचो, आता निवृत्त आहे. देवाच्या बाबतीत मी नास्तिक आहे असं मी म्हणतो. बायकोच्या मते मी नुसता आळशी आहे.

सिस्टर मूळच्या वसईच्या. उंच, हडकुळ्या, अंगावर मळकट पांढरी साडी, पायात रबरी चपला, मनगटावर थोरल्या भावाचं म्हणून सांगत ते मोठं घड्याळ. आल्या तेव्हा त्यांची मराठी ऐकून भाजीवालीने त्यांना "बाई, तुम्ही गुजराती का?" असं विचारलं होतं. पुढे त्या ‘का’ऐवजी आमच्यासारखं "काऊन" म्हणायला शिकल्या. पण हा एक शब्द सोडला तर वऱ्हाडी त्यांना जमली नाही, आणि आपल्याला ती जमते असा त्यांचा समज शेवटपर्यंत गेला नाही.

त्यांचं खरं काम दवाखान्यातलं नव्हतं. देव आपल्याला बोलावतो आहे असं ज्यांना वाटतं, संघात जाऊन आयुष्यभराची व्रतं घ्यावीत की नाही या विचारात ज्या पडतात, अशा मुलींबरोबर त्या बसत. कधी वर्ष, कधी त्याहून जास्त. ख्रिस्ती मंडळी या बोलावण्याला ‘पाचारण’ म्हणतात. इतिहासाच्या कागदांत पाचारण राजे लोक करतात, आणि ते आलं की सरदाराच्या पोटात गोळा येतो. मी हे सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "इथेही तसंच होतं. गोळा आला नाही तर मला काळजी वाटते."

या कामाचं पुस्तकी नाव ‘आध्यात्मिक मार्गदर्शन’. तो शब्द त्यांना सोसत नसे. मार्गदर्शन म्हटलं की त्यांना स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या पाट्या आठवत. त्या साधं ‘ऐकणं’ म्हणत.

ऐकण्याची जागा मागच्या पडवीत होती. वेताच्या दोन खुर्च्या, एकमेकींसमोर नाहीत, शेजारी शेजारी. आणि दोन्हींचं तोंड जिनिंगच्या भिंतीकडे. भिंतीत पाहण्यासारखं काही नव्हतं. गिलावा पडलेला, आणि कुठल्याशा खताच्या जाहिरातीतला अर्धा शेतकरी उरलेला. मी एकदा विचारलं, खुर्च्या फिरवून समोरासमोर का ठेवत नाही? त्या म्हणाल्या, "समोर बसलं की मुली माझं तोंड वाचतात. मी जरा हसले की त्यांना वाटतं देव हसला."

मुली त्यांच्याशी काय बोलत, ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही. इथे लिहितो ते मी पाहिलेलं आहे, किंवा ज्यांचं होतं त्यांनीच मागाहून सांगितलेलं.

आमच्या मुलाला पुण्याला पाठवायचं की इथेच दुकान काढून द्यायचं, यावरून आमच्या घरात एकदा बरंच पेटलं होतं. बायको तावातावाने सिस्टरांकडे गेली. परत आली ती चेहरा बदलून.

"काय म्हणाल्या?"

"काही नाही. ‘मग?’ म्हणाल्या. मी बोलले. पुन्हा ‘मग?’ म्हणाल्या. मी पुन्हा बोलले. शेवटी माझं मलाच कळलं की मला तो जवळ हवा आहे आणि दुकान हे निमित्त आहे. एवढ्यासाठी मी त्या वेताच्या खुर्चीत कंबर मोडून घेतली."

मुलगा पुण्याला गेला. श्रेय कोणाला, हे आमच्याकडे अजून ठरलेलं नाही.

मुलगेही येत क्वचित. त्यांना त्या पुढे एखाद्या फादरकडे पाठवत, पण आधी चहा पाजत. मलकापूरकडचा एक पहिलवान गडी आला होता. शेतात त्याला उजेड दिसला होता, आणि उजेडातून हाक आली होती. सगळं सोडून ब्रदर, म्हणजे व्रत घेतलेला धर्मबंधू, व्हायचं म्हणत होता. सिस्टरांनी उजेडाबद्दल काहीच विचारलं नाही. जेवलास का विचारलं. मग घरी कोण कोण, मग गेल्या महिन्यात काय केलंस. गेल्या महिन्यात तो पोलीस भरतीत धावण्यात मागे पडला होता.

"पुढची भरती कधी आहे?" सिस्टर म्हणाल्या.

"हाये उन्हाळ्यानंतर. पन आता मले त्यात मन नाही."

"असू दे. दुःखात असताना घर बदलायचं नाही. आधी धाव. भरती झाल्यावरही हाक ऐकू आली तर ये."

तो भरती झाला. आता हायवेवर उभा असतो. स्कूटीवर हेल्मेट नसल्याबद्दल त्याने सिस्टरांना दोनदा अडवलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी ते अभिमानाने सांगितलं.

सुनिता इंगळेची गोष्ट याहून अवघड होती.

जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला एका गावात थोडी ख्रिस्ती घरं आहेत. आजोबांच्या पिढीत बाप्तिस्मा झाला. बाकी सगळं शेजाऱ्यांसारखंच. लग्नात हळद लावतात, लेकीची ओटी भरतात, नाताळात करंज्या तळतात. सुनिता तिथली. वसतिगृहात राहून बी.ए. करत होती, माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसून माझ्या विनोदांना न हसता. एकदा डोंगरातल्या पाड्यावरची एक म्हातारी दवाखान्यात आणली, तेव्हा तिच्यासाठी करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सिस्टर मॅटिल्डा तिचा हात धरून बसल्या, ती जाईपर्यंत. सुनिताने ते दारातून पाहिलं. नंतर तिने मला सांगितलं, "सर, त्या काईच करत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या. मले तसं बसता यावं असं वाटलं."

संघात जायचं तिच्या मनात आलं ते तेव्हापासून. आणि सिस्टरांच्या मनातली काळजीही तेव्हाचीच. पोरीला देव हवा आहे की मी, असा तो प्रश्न होता. तो त्यांनी तेव्हा बोलून दाखवला नाही. पण सुनिता बी.ए. पास होऊन वसतिगृहातून निघाली तेव्हा तिला सरळ घरी धाडलं. "कापूस वेच. चुलत बहिणीचं लग्न आहे ना, त्यात नाच. तिची लेकरं होतील ती मांडीवर घे. ते सगळं आवडलं आणि तरीही इकडे ओढ राहिली, तर बोलू. महिन्यातून एकदा ऐकायला मी आहे."

सुनिता दर महिन्याला एसटीने येई. मधे एकदा तिचं सगळं आटलं. प्रार्थनेला बसलं की नुसती भिंत. तिने सांगून टाकलं, मले नाही जमत, सोडून देतो. सिस्टर म्हणाल्या, "विहीर आटलेली असताना विकायची नसते. भाव येत नाही. पाणी आलं की मग ठरव, विकायची का ठेवायची."

तिच्या घरच्यांना मात्र हे ‘ऐकणं’ समजेना. मुलगी घर सोडून कायमची जाणार, म्हणजे ती द्यायची. आणि द्यायची तर स्थळ पाहायला हवं. एका रविवारी वडील शालिकराव, आई कमलाबाई आणि भास्करमामा धुतलेले कपडे घालून दारात उभे राहिले. सिस्टरांना ते पाहताक्षणी कळलं. त्यांनी स्वयंपाकघरात पोहे टाकायला सांगितले आणि मला बोलावणं धाडलं.

"आमच्या बाजूने एखादं मोठं माणूस लागेल," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने मी, गावातला एकमेव घोषित नास्तिक, देवाच्या बाजूचा वडीलधारा म्हणून सतरंजीवर बसलो.

भास्करमामांनी खाकरून सुरुवात केली. "बाई, पोरगी द्याची म्हनलं तं घर पाहा लागते."

"पाहावंच लागतं. विचारा."

"वावर किती?"

"वावर नाही. मागे चार वाफे आहेत, मेथी होते."

"पानी?"

"उन्हाळ्यात टँकर."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी वराकडच्या माणसाला शोभेल असं गंभीर तोंड केलं.

कमलाबाईंनी पदर सावरत विचारलं, "घरात मोठी कोन?"

"इथे मी. वर नागपूरकडे अजून एक मदर आहेत, त्या माझ्याहून कडक. पहाटे उठावं लागतं. सोबत राहणाऱ्या बाया आपण निवडलेल्या नसतात, त्यातल्या एकीशी तरी पटत नाही. माझं पटत नाही."

"माहेरी कधी धाडता?"

सिस्टर म्हणाल्या, "पहिली वर्षं फार कमी. घरात कोणी गेलं तरी विचारावं लागतं. बहुतेक पाठवतात. एखाद्या वेळी वेळेवर पोचता येत नाही. माझी आई गेली तेव्हा मी पोचले नव्हते."

कमलाबाईंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मामांना राहवलं नाही. "बाई, लोक स्थळाचं चांगलं चांगलं सांगतात. तुमी तं खोटच सांगून राह्यल्या."

"चांगलं तिला माहीत आहे, भाऊ. ती त्याच्याच नादात आहे. खोट घरच्यांनी पाहायची असते."

आता शालिकराव म्हणाले, "पोरगी वापस आली तं?"

"आमचं दार आयुष्यभराची व्रतं घेईपर्यंत उघडं असतं. तोवर ती कधीही परत जाऊ शकते. तुमचं उघडं राहील का, ते तुम्ही सांगा."

शालिकरावांनी चहा संपवला, कप उपडा घातला आणि काही न सांगता उठले. बाहेर चपला घालताना मामा मला म्हणाले, "सर, अशी सोयरीक मी उभ्या जन्मात पाह्यली नाही. पोरीवाले आमी, आन् आमालेच भिववून राह्यले."

याच सुमारास सिस्टरांचं घर बंद होण्याची बोलणी सुरू झाली. संघात नव्या मुली येत नव्हत्या, जुन्या सिस्टर म्हाताऱ्या होत होत्या, आणि वरच्यांना कुठली तरी दारं लावणं भाग होतं. नांदुऱ्याचं नाव त्यात होतं. सिस्टरांनी हे कोणाला सांगितलं नाही. पण चर्चच्या कमिटीतले माणिकराव सर यांच्यापासून काही लपून राहत नसे. माणिकराव निवृत्त मुख्याध्यापक. बॅनर लावल्याशिवाय घटना घडली असं ते मानत नाहीत.

घराचा रौप्यमहोत्सव आला. बिशप येणार, नागपूरहून मोठ्या मदर येणार. माणिकरावांनी स्टेशनरोडपासून मंडपापर्यंत एकच बॅनर जागोजागी लावलं: वर बिशप, खाली मदर, त्याखाली स्वतः माणिकराव, थोडे मोठेच, आणि कोपऱ्यात कॉलेजच्या ओळखपत्रावरून उचललेला सुनिताचा फोटो. ‘आपल्या मातीतले पहिले पाचारण.’ आदल्या दिवशीच ते निम्म्या गावाच्या मोबाइल-स्टेटसवर होतं. सिस्टरांना ते दाखवलं ते त्या हायवेवरच्या पोलिसाने.

कार्यक्रमाच्या सकाळी मी सतरंज्या द्यायला गेलो तेव्हा सुनिता नवी साडी नेसून पडवीत उभी होती. चेहरा उजळलेला. सिस्टर हारांची टोपली घेऊन येत होत्या.

"सिस्टर, माझं ठरलं. मी आज स्टेजवरच सांगीन."

सिस्टरांनी टोपली खाली ठेवली. "कधी ठरलं?"

"काल."

"काल काय झालं?"

सुनिताने माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "माणिकराव सर घरी आले होते. म्हने घर बंद होनार हाये. गावातली एक पोरगी आली तं वरचे लोक ठेवतीन म्हने."

"खरं आहे. कदाचित ठेवतील."

"मंग?"

एरवी हा प्रश्न सिस्टरांचा असे. त्या दिवशी तो त्यांनाच ऐकावा लागला. त्या म्हणाल्या, "मग आज नाही."

"काऊन?"

"घर वाचवायला मुलगी द्यायची नसते, सुनिता. आणि घ्यायची तर नसतेच नसते. जा, साडी बदल. वाढायला माणसं कमी आहेत."

सुनिता रडत आत गेली. सिस्टरांनी खुर्चीवर चढून मंडपातल्या बॅनरचा सुनिताच्या फोटोचा कोपरा आत दुमडला आणि टाचण्या लावल्या. कार्यक्रम झाला. बिशप बराच वेळ बोलले. माणिकराव त्याहून बराच वेळ बोलले. मदर इकडे तिकडे पाहत होत्या, रस्त्यावर पाहिलेल्या फोटोतली मुलगी कुठे आहे म्हणून. ती त्यांच्या पानात वरण वाढत होती. शेवटी सिस्टरांना शाल आणि श्रीफळ द्यायला बोलावलं. त्यांना सत्काराचं वावडं होतं. गावातल्या कुठल्याही कार्यक्रमात त्या शाल पुढच्या म्हातारीच्या खांद्यावर टाकत आणि नारळ आचाऱ्याला देत. त्या दिवशीही तेच केलं. माणिकरावांनी माइकवरून "विनम्रता" असं म्हटलं. जागेवर येता येता सिस्टर मला म्हणाल्या, "घाई देवाला नसते, सर. ती कार्यक्रमपत्रिकेला असते."

ते बॅनर पुढे दवाखान्याच्या गळक्या पत्र्यावर पसरलं. बिशपांचा चेहरा आकाशाकडे होता, ते योग्यच होतं.

दोन-तीन दिवसांनी मी त्यांची पुस्तकं परत करायला गेलो. त्या मागे वेताच्या खुर्चीत एकट्याच बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. मी दुसऱ्या खुर्चीत बसलो. पहिल्यांदाच बसलो. मांजरही जात नाही अशी ती भिंत. मी म्हणालो, "सिस्टर, तुमच्या हातात आलेलं घर तुम्ही घालवलंत. ती मुलगी यावी असं तुम्हाला वाटत नाही का?"

त्यांनी तोंड भिंतीवरच्या अर्ध्या शेतकऱ्याकडेच ठेवलं.

"वाटतं," त्या म्हणाल्या. "इतकं कशाचंच कधी वाटलं नव्हतं. घरासाठी वाटतं, आणि माझ्यासाठीही वाटतं. म्हातारपणी ती जवळ असावी असं वाटतं. म्हणून तर खुर्ची अशी ठेवते, सर. ती बोलत असते तेव्हा माझं तोंड तिला दिसलं असतं, तर ती पहिल्याच महिन्यात आली असती."

मी पुस्तकं तिथेच ठेवून उठलो. अजून बसलो असतो तर मी काहीतरी सल्ला दिला असता, म्हणजे आणखी वाईट.

घर बंद करायचं ठरलं. सिस्टरांनी सुनिताला निरोप धाडला: घर जातं आहे, मीही जाते आहे, मला संघाच्या म्हाताऱ्या सिस्टरांच्या सेवेला समुद्राकडे पाठवत आहेत. तू आलीस तरी तुझं शिक्षण दुसऱ्या राज्यात, भाषा वेगळी, मी तिथे नसेन. आता वाचवण्यासारखं काही राहिलं नाही. सावकाश विचार कर, आणि काहीही ठरलं तरी एकदा भेटून जा.

निघण्याच्या दिवशी मी आणि बायको बोचकी बांधायला गेलो होतो. कपाटं गेली होती, दवाखान्याची खाट गेली होती. वेताच्या खुर्च्या मात्र सिस्टरांनी शेवटपर्यंत ठेवल्या होत्या. दुपारच्या एसटीने इंगळे मंडळी आली. सिस्टर आणि सुनिता मागे गेल्या. आम्ही पुढच्या रिकाम्या खोलीत बसलो. शालिकराव टोपी हातात फिरवत होते. कमलाबाईंच्या मांडीवर एक पिशवी होती आणि ती त्यांनी कोणाला उचलू दिली नाही. मामा मला म्हणाले, "आत काय चालू असन, सर?" मी म्हणालो, "सिस्टर ‘मग?’ म्हणत असतील." 

फार वेळ लागला नाही. सुनिता बाहेर आली. डोळे कोरडे, कार्यक्रमाच्या सकाळचं तेज मुळीच नाही. पेपर सोडवून आलेल्या मुलीसारखी दमलेली दिसत होती.

"बाबा, मी जाऊन राह्यली."

शालिकराव म्हणाले, "आता तं थे घरही नाही. बाईही नाही."

"हाव. तरी."

"भेव वाटते?"

"लई वाटते."

शालिकरावांनी टोपी डोक्यावर घातली. "दार उघडं राहीन," ते म्हणाले. ते सुनिताला उद्देशून नव्हतं. मागे दारात सिस्टर येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहून म्हणाले. त्या रविवारी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होतं ते, इतक्या दिवसांनी दिलेलं.

मग कमलाबाई उठल्या. पिशवीतून तांदूळ, खण, नारळ काढला. "विहीनबाई," त्या म्हणाल्या, "पदर घ्या समोर. रिकाम्या पदरानं आमी जाऊ देत नाही."

मी मनात म्हटलं, आता नारळ आचाऱ्याकडे जाणार. पण आचारी नव्हता, आणि शाल टाकायला म्हातारी नव्हती. सिस्टरांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. संन्यासिनीची ओटी भरायची पद्धत आहे की नाही, हे त्यांनाही ठाऊक नसावं. त्यांनी दोन्ही हातांनी पदर पुढे पसरला. कमलाबाई ओंजळीने तांदूळ घालत होत्या, आणि काही बाहेर सांडत होते.

भिंत मागे राहिली होती. सिस्टरांचं तोंड आमच्याकडे होतं. त्या दिवशी ते कोणालाही वाचता आलं असतं.